सत्तराव्या मिनिटानंतर न वाजलेली शिट्टी

मी, वय ५३ वर्षे, धंदा नोकरी, पाणीपुरवठा कार्यालयात मीटर वाचण्याचे काम, राहणार पाण्याच्या टाकीमागे, दुसरा मजला, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नीसह राहतो. गेली एकोणीस वर्षे सुट्टीच्या दिवशी फुटबॉल सामन्यांत पंच म्हणून काम करतो. गेल्या रविवारी दुपारी चार वाजता कागद कारखाना विरुद्ध बस आगार असा सामना होता. मयत, वय २३, कारखान्याकडून खेळत होता. मैदानावर त्याचे तोंड कधी बंद नसे, म्हणून सगळे त्याला टिटवी म्हणत. त्याच्या घरचा मीटर मीच वाचतो, त्यामुळे त्याच्या वडिलांशी माझी ओळख आहे. आगाराचा गोलकीपर हा मयताचा शाळेपासूनचा मित्र. दोघांचे महिन्यापूर्वी वाजले होते, असे ऐकून आहे.

एकाहत्तराव्या मिनिटाला मयताने गोलवर फटका मारला. आगाराच्या बचावपटूने हात पसरून तो अडवला. मी दहा-बारा पावलांवर होतो. हात लागला यात शंका नाही. चेंडू उडून पुन्हा मयताच्याच पायाशी आला. समोर गोल, मध्ये फक्त कीपर.

नियमाबद्दल विचारले म्हणून सांगतो. हात लागला की शिट्टी वाजवलीच पाहिजे असे नाही. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाच खेळ चालू ठेवून फायदा होत असेल, तर पंच दोन-तीन सेकंद थांबतो. फायदा झाला नाही तर मागे येऊन पेनल्टी देतो. गोलच्या इतक्या जवळ बहुतेक पंच पेनल्टी देऊन मोकळे होतात. पण चेंडू मोकळा आणि गोल उघडा असेल तर थांबणे योग्य धरतात. मी थांबलो. नियमाप्रमाणे माझे चुकलेले नाही, असे आमच्या संघटनेनेही लेखी दिले आहे.

प्रेक्षकाने काढलेला व्हिडिओ मला दाखवला. चित्र बरोबर आहे. आवाज फक्त गर्दीचा आहे.

पुढचे मला कोणी विचारलेले नाही, मी आपणहून सांगतो. हात लागताच मयत थांबला होता. चेंडू पायाशी ठेवून, हात वर करून माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, हात! हात लागला की!" मी दोन्ही हात पुढे करून ओरडलो, "दिसलं मला! खेळ, पुढे जा!" तो हसला आणि गेला. माझा आवाज कीपरनेही ऐकला, म्हणूनच तो गोल सोडून पुढे आला. त्याची नजर चेंडूवर होती. मयताने घसरत जाऊन चेंडू ढकलला, आणि त्याच क्षणी कीपरचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. चेंडू जाळ्यात गेला. मी गोल दिला. त्यानंतर मयताकडे पाहिले. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता.

तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. वडील दारातल्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी विचारले, "पोरं म्हणतात, तो थांबला होता. थांबलेल्या माणसाच्या अंगावर कीपर धावून आला का हो?" मी म्हणालो, "दादा, माझं लक्ष चेंडूकडे होतं." आतून त्याच्या आईने पाणी पाठवले. ते मी प्यालो.

त्याच्या दुसऱ्या दिवशी वडिलांनी कीपरविरुद्ध मुद्दाम मारल्याची तक्रार दिली. कीपर तेव्हापासून कामावर गेलेला नाही, घरात कोणाशी बोलत नाही, असे त्याच्या बहिणीने मला येऊन सांगितले. वडिलांना मी दिलेले उत्तर खोटे होते. कीपरने मुद्दाम काही केलेले नाही. मयताचे वडील आत्ता बाहेर बाकावर बसले आहेत. येथून उठल्यावर हे मी त्यांना स्वतः सांगणार आहे. त्यांनी मला काही केले तर माझी तक्रार नाही, हेही लिहून घ्यावे.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात मी "नाइलाजाने" ओरडलो असे पडले होते. तो शब्द हवालदारांनी माझ्या भल्यासाठी घातला असावा. मी तो खोडायला लावला. बाकी मजकूर मी सांगितला तसाच, बरोबर आहे.