संगीन बदलल्याच्या तक्रारीबाबत

नाव : नंदीश शिवयोगी कोनापुरे, वय ५८ वर्षे, धंदा : हार्डवेअरचे दुकान, रा. शेळगी, सोलापूर.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी श्रीदेवी हिच्यासह राहतो. जुन्या लष्करी संगिनी व त्यांची म्याने जमवण्याचा मला तरुणपणापासून नाद आहे. बंदुकीच्या तोंडाला लावतात ती संगीन. तिला सुरा म्हणत नाहीत, हे मी या ठाण्यात पुष्कळदा सांगून झाले आहे. लोक घरातली वस्तू खरी की नकली हे बघायला माझ्याकडे आणतात. मी सांगतो.

सोनाबाई महिपती खटके, रा. टेंभुर्णीजवळ, या भाद्रपदात एक संगीन म्यानासह घेऊन दुकानी आल्या. त्यांचे आजेसासरे पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले होते, असे त्यांच्या घरी सांगतात. गावात आता लढाईवर गेलेल्यांच्या नावांचा दगड बसणार आहे. भावकीचे म्हणणे, म्हातारा कुठे गेलाच नव्हता, ही बाजारातली खरेदी आहे. बाई म्हणाल्या, "खरी असंल तर खरी म्हना, खोटी असंल तर खोटी. पर एकदा काय ते सांगा."

मी पाहिली. मुठीच्या टोकाला पलटणीची अक्षरे व नंबर ठोकलेला होता. म्यानाच्या तोंडाच्या लोखंडी पट्टीवर तोच नंबर होता. पाते आणि म्यान इतकी वर्षे जोडीने राहिलेली मी फार थोडी पाहिली आहेत. त्या गावचा जो दुसरा शिपाई लढाईवर गेल्याबद्दल कोणाची तक्रार नाही, त्याची पलटणही तीच. मी फोन करून खरी आहे म्हणून सांगितले. बाईंनी फोन न ठेवताच घरातल्यांना हाका मारून सांगितले.

ती परत द्यायला निघालो असता नवरात्राच्या बंदोबस्तात एसटी स्टँडजवळ पोलिसांनी माझी पिशवी तपासून संगीन जप्त केली. पंचनाम्यात "काळपट सुरा एक, चामडी कव्हर एक" असे लिहिले. नंबर लिहून घ्या म्हणालो, तर "सुऱ्याला कुटं नंबर असतोय व्हय?" असे उत्तर मिळाले.

चौकशी संपल्यावर, दसरा झाल्यानंतर, मला ती न्यायला बोलावले. मुद्देमाल सांभाळणारे हवालदार ईरप्पा यांनी टेबलावर दोन संगिनी ठेवल्या. दुसरी कुठल्याशा जुन्या प्रकरणातली होती. दोन्ही नव्या ताटासारख्या चकचकीत. मुठींना काळा ऑइलपेंट, वर हळदकुंकू. खंडेनवमीला ठाण्यातल्या शस्त्रांबरोबर त्यांचीही पूजा केली होती. ईरप्पा खुशीत होते. "लई काळी पडली हुती की हो. पॉलिश पेपर मारून मारून हात दुखलं बघा." अक्षरे गेली होती. नंबर गेला होता. कोणती कोणत्या प्रकरणातली हे लिहिलेल्या चिठ्ठ्या पूजेआधीच काढल्या होत्या. यातली आमची कोणती, असे मी विचारले. "हीच की. न्हायतर ती. दोनी एकच की हो."

म्यान कुठे आहे, असे विचारता ते म्हणाले, "चामडं पूजेत कसं ठिवायचं? भाईर ठिवलं हुतं, चपलांपाशी." तिथे ते नव्हते. साहेबांच्या पिस्तुलाचे चामडी कव्हर पूजेत होते का, असे मी विचारले. याचा तक्रारीशी संबंध नाही, असे जबाब लिहून घेणारे साहेब म्हणतात. मी म्हणतो, आहे. लिहा.

वस्तू सुस्थितीत मिळाली, अशा पावतीवर सही घेतली. सही केल्याशिवाय देत नाहीत, म्हणून केली. ईरप्पांनी हातात दिली ती मी टेंभुर्णीला नेली. बाईंनी उलटसुलट करून खाली ठेवली. म्हणाल्या, "ही आमची न्हाय. आमची काळी हुती. तिचं म्यान कुटं हाय? खरी निगाली म्हून तुमी ठिवून घेतली व्हय?" मी झाले ते सगळे सांगितले. सांगताना माझे मलाच ते थापा मारल्यासारखे वाटत होते. त्यांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली. त्यांना मी दोष देत नाही.

माझ्या मोबाइलमध्ये आधीचे फोटो आहेत. ते दाखवले, तर साहेब म्हणतात की फोटोत नंबर आहे आणि यावर नाही, म्हणजे वस्तू वेगळी. पूजेची नोंद डायरीत नाही. ईरप्पा आता म्हणतात, "नुसतं पुसलो की." मी संगीन विकलेली नाही, बदललेली नाही, लपवलेली नाही. आयुष्यभर लोकांच्या वस्तूंबद्दल माझा शब्द चालला आणि स्वतःपुरता चालत नाही, याचा मला भयंकर संताप आलेला आहे.

आज साहेबांनी संगीन माझ्यापुढे ठेवून सांगितले की, ही सोनाबाईंचीच आहे असे जाणकार म्हणून लिहून द्या, तक्रार इथेच मिटेल. सोनाबाई समोरच्या बाकावर होत्या. त्या म्हणाल्या, "तुमी छातीवर हात ठिवून म्हना, ही तीच हाय. म्या मानते. गावबी मानंल. दगडावर म्हाताऱ्याचं नाव लागंल की."

मी भिंग लावून पुन्हा पाहिले. ही त्यांचीच आहे असे मी सांगू शकत नाही.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटचे उत्तर बदलायचे आहे का, असे दोनदा विचारले. बदलायचे नाही. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे असून बरोबर आहे.