पाच इंच काप, लायल!

...आणि वर मलाच विचारतो, "वेंडेल, आवाज कसा येतोय रे?" कसा येतोय म्हणजे? अख्ख्या बेकर्सफिल्डला ऐकू जातोय बाबा! सकाळी सकाळी या लायलनं गराजचं दार उघडून गाडीचं ते इंजिन सुरू केलं की माझ्या स्वयंपाकघरातल्या कपबश्या थरथरतात, कुत्रं पलंगाखाली जातं, आणि आमची बायको, नोरीन, खिडकीत उभी राहून म्हणते, "अय्या, काय गोड आवाज आहे!" गोड? अगं, आठ सिलिंडरचं धूड आहे ते, पाळण्यातलं बाळ आहे का? पण नाही, मी जळत नाही हं. आधीच सांगून ठेवतो. जळणाऱ्यांतला मी नव्हेच.

तुम्हाला सांगतो, हा लायल हॅचर म्हणजे माझा शेजारी, त्याच्या गराजला लागून माझं गराज. आयुष्यभर काय केलं या माणसानं? गाद्या विकल्या! गिऱ्हाईक गादीवर आडवं झालं की हा वाकून हळूच विचारणार, "कंबरेला कसं वाटतंय?" झालं, संपलं काम! आणि मी? तेलाच्या विहिरींवरचे पंप दुरुस्त केले मी जन्मभर. भर उन्हात, कोपरापर्यंत ग्रीस! आता तुम्हीच सांगा, हॉट रॉड, म्हणजे जुनी गाडी कापून-जोडून दणदणीत इंजिन बसवलेली, ती कोणी बांधायची? मी की गादीवाल्यानं? नाही, काही न्याय आहे की नाही जगात?

आणि असं नाही हं की माझी गाडी नाही. आहे ना! आहे माझ्या गराजमध्ये. म्हणजे... सांगाडा आहे. आमच्या मुलीच्या लग्नाच्या आधीपासून आहे. त्याच्यावर सध्या नोरीनचं नाताळचं झाड आहे, जॅमच्या बरण्यांची खोकी आहेत, आणि एक ते चालायचं मशीन आहे, ज्याच्यावर आजवर कोणी चाललेलं नाही. दर वसंतात मी म्हणतो, यंदा सुरू करणार. नोरीन म्हणते, "कर हो, पण झाड नीट उचल, काचेचे गोळे आहेत." गोळ्यांच्या काळजीनं राहून जातं हो!

तर हा लायल निवृत्त झाला आणि कुठल्याशा बदामाच्या बागेत सडत पडलेली चौतीस सालची फोर्ड उचलून घेऊन आला. सडलेली म्हणजे किती? आत खारींचा संसार होता! मी पोट धरून हसलो. म्हटलं, "लायल, माती भर, टोमॅटो लाव यात." तर हा शांतपणे म्हणतो, "वेंडेल, तू जाणकार माणूस, सुरुवात कुठून करू ते सांग." आता असं विचारल्यावर माणसानं काय करावं? सांगितलं मी! एवढी लांबलचक यादी सांगितली की त्याचा हुरूप एक दिवसही टिकू नये. तर हा संध्याकाळच्या वर्गाला जाऊन वेल्डिंग शिकला! सुरुवातीचे त्याचे जोड पाहिलेत का तुम्ही? कबुतरांनी घाण केल्यासारखे! तो अख्खा उन्हाळा माझा फार सुखात गेला. आणि मग एक दिवस गेलो तर... सरळ, एकसारखा, नाण्याला नाणं लावून ठेवावं तसा जोड! मी बोट फिरवलं त्याच्यावरून. खोट शोधत होतो. सापडली नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पण जळलो नाही हं! पोट बिघडलं होतं.

आणि मग आलं ते छत. आता आमच्यात छत कापल्याशिवाय गाडीला गाडी म्हणत नाहीत. खिडक्यांमधले खांब कापायचे, तुकडा काढून टाकायचा, आणि छत खाली आणून परत जोडायचं. जितकं खाली, तितकी गाडी रागीट दिसते. तीन इंच कापलं तर माणूस सभ्य, चार कापलं तर धाडसी, आणि त्याच्यापुढे... समोरच्या काचेची टपालपेटीची फट होते! लायल त्या गाडीत उलट्या बादलीवर बसला होता, सीट अजून यायची होती. तिथून मान बाहेर काढून म्हणाला, "वेंडेल, किती कापू?"

आणि मी म्हटलं, "पाच."

का म्हटलं? अहो, का म्हणजे? वाट लागावी म्हणून म्हटलं! सरळ सांगतो, तुमच्यापाशी काय लपवायचं? वाटलं, पाच कापेल, सगळं वाकडं बसेल, रडत येईल आणि मी म्हणेन, "जाऊ दे लायल, गाद्या बऱ्या होत्या." तर हा म्हणतो, "पाच? तू म्हणतोस तर पाच." बस्स! दुसऱ्या कोणाला विचारलं नाही, इंटरनेटवर बघितलं नाही! अरे, थोडा तरी संशय घे की माणसावर!

शनिवारी आमच्या गाड्यांच्या क्लबातली मंडळी जमली. पुढे बस्टर क्विग्ली. हा बस्टर म्हणजे आमच्या गाडीवाल्यांचा न्यायाधीश, आयुष्यात कशाला चांगलं म्हणाला नाही, स्वतःच्या मुलाला नाही. करवत चालली, ठिणग्या उडाल्या, छत सुटलं. चौघांनी धरलं, त्यात एक मी! खाली आणलं, तर जुळेना. पुढचे खांब एकीकडे, मागचे तिसरीकडे. तुम्हाला काय सांगू, छताचं ते ओझं मला फुलासारखं वाटायला लागलं! पण लायल घाबरला का? छे! त्यानं छत मधून चिरलं, पट्टी घातली, ताणून बसवलं... आणि बसलं की हो! बस्टरनं टोपी काढली. टोपी! बायको गेली तेव्हा काढली होती, त्यानंतर आत्ताच. म्हणाला, "पाच? याला छाती लागते." आणि लायल काय म्हणाला असेल? "कल्पना वेंडेलची." झालं, सगळे खो खो हसले! बस्टर डोळे पुसत म्हणतो, "वेंडेलची? अरे, त्यानं आजवर केकसुद्धा सरळ कापला नाही!" म्हणजे बघा, जन्मात एकदा श्रेय माझं होतं, खरोखर माझं होतं, तर कोणी द्यायला तयार नाही!

मग काळा रंग चढला, सीट आली, आणि पहिल्या फेरीचा दिवस उजाडला. आमच्याकडे पहिल्या फेरीला शेजारच्या सीटवर कोण बसणार, हे बांधणारा ठरवतो. साधी गोष्ट नाही ती. माणूस गेल्यावर प्रार्थनेच्या वेळी सांगतात, 'अमक्याच्या गाडीत पहिला हा बसला होता.' मला आजवर कोणी बसवलेलं नाही. आणि खरं सांगतो, मला ती जागा हवी होती. फार हवी होती. गल्ली गोळा झालेली, बस्टर उभा, आणि लायलनं दार उघडून म्हटलं, "ये वेंडेल. दुसरं कोण बसणार इथे?"

पुढे झालो. आता मी सहा फूट तीन इंच. लायल टाचा उंचावून माझ्या काखेशी येतो! डोकं घातलं तर गुडघे बाहेर, गुडघे घातले तर डोकं बाहेर. शेवटी दोघांनी कोंबलं, दार लावलं, आणि मान अशी... अशी वाकडी झाली, की माझं डोकं थेट लायलच्या खांद्यावर! अख्ख्या गल्लीसमोर! नव्या नवरीसारखा! बस्टर ओरडतोय, "चुंबन घे, चुंबन घे!" आणि लायल? कसलेला गादीवाला तो! हळूच विचारतो, "मानेला कसं वाटतंय?"

गाडी कोपऱ्यापर्यंतसुद्धा गेली नाही. दोघांनी पाय धरून मला ओढून काढलं. मी म्हटलं, असू दे, पुन्हा कधीतरी. आणि मागून आवाज, "मी बसते की!" कोण? आमची नोरीन! ओठाला लाली लावून तयारच होती! बसली, मावली, निघाली! आणि मी रस्त्यात मान धरून उभा. माझेच ते पाच इंच, बरं का! मी मोजून दिलेले!

परत आली ती बर्गर खाऊन. गाल लाल, केस विस्कटलेले, मला वाटतं लग्नानंतर तिला असं मी पाहिलंच नव्हतं. तेव्हा मात्र जळलो. घ्या, म्हणतो! पार कोळसा झालो! म्हटलं, "बरं वाटलं का?" तर म्हणते, "वेंडेल, मी सगळं बोलले लायलशी. उद्या तो येतोय. झाड मी हलवलंय, गोळे काढून ठेवलेत, ते मशीनही दिलं कोणाला. तुझी गाडी तो तुझ्याकडून बांधून घेणार. आणि तो म्हणाला, वेंडेलच्या गाडीला छतच नको, उघडी ठेवू, म्हणजे त्याला सरळ बसता येईल."

आता हा काय न्याय झाला? सांगा ना! बदामाच्या बागेतून खारींसकट गाडी उचलून आणणारा हा गादीवाला आता मला गाडी बांधायला शिकवणार! इतक्यात कुंपणावरून त्याचं टक्कल वर आलं. "वेंडेल, किती वाजता येऊ रे उद्या?" वाटलं, काहीतरी झणझणीत सुनवावं. ओठावर आलं होतं! आणि तुम्हाला सांगतो, तोंडातून काय निघालं माहितीये?

म्हटलं, "लवकर ये रे. नंतर ऊन होतं."