चौथी शिकलेल्या बाईनं शिकवलेली जर्मन गाणी

त्या दुपारी दुबईत करामा भागातल्या आमच्या खोलीत कोण कोण व्हतं सांगते, मी, माझा मुलगा विल्सन, त्याची बायको लिना, तिच्या मांडीवर तीन महिन्यांची नात, गिटारवाला पीटर आणि कीबोर्डवाला जॉय. गाणारा ग्लेन तेवढा नव्हता, आणि तो नव्हता म्हणूनच सगळे तोंड पाडून बसलेले.

आम्ही मूळचे वसईचे. नवरा लवकर गेला, विल्सन सहा वर्षांचा, मी डोक्यावर टोपली घेऊन केळी विकली, अंगात ताप असला तरी विकली, रडायला वेळ कुठं व्हता. पोरगा लग्नाच्या बँडमध्ये ड्रम वाजवायला लागला, पण तोंडातून शब्द म्हणाल तर दिवसाला चार. मंग नव्वद सालानंतर कधीतरी ही चार पोरं दुबईला समुद्रावरच्या एका हॉटेलात लागली, तिथं सगळे जर्मन पाहुणे, मॅनेजर बोलला इंग्लिश नको, रॉक अँड रोल जर्मनमध्येच म्हणा. आता वसईच्या पोरांना जर्मन कुठून येणार? ग्लेन कॅसेट मागं फिरवून फिरवून ऐकायचा आणि कानाला लागेल तसं वहीत मराठीत लिहायचा. हॉटेलच्या बोर्डावर यांचं नाव काय, तर जर्मनमध्ये चार भाऊ.

लिनाची हॉस्पिटलात ड्युटी, म्हणून नातीसाठी मी दुबईला गेले. पोरं खोलीत प्रॅक्टिस करायची, विल्सन उशीवर काठ्या मारायचा, आणि मी मासे साफ करता करता वहीत बघायची, ग्लेन चुकला की टोकायची. चौथी शिकलेली मी, मराठी तर वाचता येतं. अर्थ देवाला ठाऊक.

रमजानात तिथं हॉटेलात गाणंबजावणं बंद. ग्लेन सुट्टीवर घरी गेला आणि तिकडंच बोटीवर नोकरी धरली, फोनवर सॉरी बोलला, झालं. मॅनेजर बोलला, ईदनंतर ऐकेन, गाणारा नसला तर खलास, तिघांचा व्हिसा कॅन्सल. पीटरला सूर नाय, जॉयचा आवाज फाटका. त्या दुपारी मी बोलले, विल्सन गाईल. पीटर हसला, मावशी, हा स्वतःच्या लग्नात व्हयसुद्धा पुटपुटला व्हता. विल्सन बोलला, आय, मला नाय जमणार. मी बोलले, मला तरी टोपली उचलायला कुठं जमत व्हतं.

काय सांगू तुम्हाला, वीस दिवस त्याला घेऊन बसले. जर्मन लोकांचं एक अक्षर असं, की घशात काटा अडकल्यावर खाकरतो ना, तसं काढायचं. तो लाजायचा, मी बोलायची, खाकर बाबा, इथं कोण बघतंय.

ईदनंतर दुपारी हॉटेलात गेलो, मी पण गेले, लुगडं नेसून, किचनच्या दाराशी उभी. पाहुणे जेवत व्हते. मॅनेजर बोलला यल्ला, म्हणजे चला, सुरू करा. पहिलं कडवं झालं, आणि दुसऱ्याला विल्सन अडला, हात ड्रमवर चालू, तोंड बंद, माझ्याकडं बघतोय. मंग मी काय केलं, केळी विकताना ओरडायची ना, तशी ती ओळ सगळ्यांसमोर ओरडले. एक म्हातारा जर्मन बाबा चमचा ठेवून वळला, मला बघितलं, लुगडं बघितलं, आणि पुढची ओळ त्यानंच म्हटली. मंग त्याचं टेबल, मंग बाजूचं टेबल. विल्सननं डोळे मिटले आणि गायला, असा गायला, की पोटच्या पोराचा आवाज मला नवीन वाटला. मॅनेजर बोलला, संध्याकाळपासून सुरू करा. बोर्डावर चार भाऊच राहिले, कुणी मोजलं नाय.

सहा वर्षं गायला. नंतर हॉटेलनं डीजे आणला, यांचं काम संपलं, आम्ही वसईला आलो. घर बांधलं, दोन घास सुखाचे आहेत, गुडघे दुखतात तेवढं. नात मला बोलते, ग्रँडमा, नॉट दॅट स्टोरी अगेन! विल्सन लग्नाकार्यात अजून ड्रम वाजवतो, पण गात नाय, बोलतो आय, आता कोण ऐकणार.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं, कुठल्या लग्नात विल्सन दिसला तर त्याला गायला सांगा. पहिल्यांदा नाय बोलेल. परत सांगा.