महाडच्या मास्तरांची सावड

मास्तर मूळचे महाडकडचे. नको नको म्हणताना त्यांची बदली घाटावरच्या आमच्या हिर्डोशीला झाली. आमी म्हणायचो, कोकण्याचा काय भरवसा? पोरं शाळेत धाडलीच न्हाईत.

लावणीला मास्तर न बोलावता चिखलात उतरले आन् घरोघरचं भात लावत फिरले. आमच्यात सावडीची रीत, जो आपल्याकडं राबला त्याच्याकडं आपण राबायचं.

पाटील म्हणाले, "मास्तर, तुमाला शेत न्हाई. सावड फेडायची कुठं?"

"शाळेत."

त्यांना पोरं हवी हुती. आमी मोठी माणसंच सावड फेडायला कुदळी घेऊन शाळेत हजर. मास्तरांनी एकेकाची कुदळ भिंतीला टेकवून ठेवली आन् हातात पाटी दिली.

माझी सही हाय ना, ती त्या सावडीतली.