घसा बसला तो दिवस

चहा घ्या, सांगतो. आमच्या कुरुंद्याच्या शाळेत सातवीचा वर्ग असा गोंगाट करायचा, की मी हेडमास्तरला म्हणलो, "हा वर्ग दुसऱ्या कोणाला द्या, न्हाईतर माझी बदली करा." त्यांनी शिक्षकांना मार्गदर्शन करणाऱ्या एका मॅडमला बोलावलं.

मी तक्रारी सांगायला तोंड उघडलं, तर त्या म्हणल्या, "ते राहू द्या, सर. वर्ग शांत बसला असा एखादा दिवस आठवतो का?"

लई डोकं खाजवलं. "एकदा बसला व्हता. वरडून वरडून माझा घसा बसला त्या दिवशी. हळू बोललो, तर लेकरं ऐकायला पुढं सरकली."

"मग उद्या मुद्दाम तसंच बोलून पाहा."

बोललो. वर्ग चिडीचूप! पण लेकरांना वाटलं, सरचा घसा पुन्हा गेला. दुसऱ्या दिवशी टेबलावर हळदीच्या पुड्यांचा ढीग. गावच हळदीचं, प्रत्येकानं घरची आणलेली. "दुधात घ्या, सर." सगळ्यात मोठी पुडी पूजाची, अन् वर्गात सगळ्यात दंगेखोर पोरगी तीच. आता खरं सांगायची चोरी झाली. तसाच हळू बोलत राहिलो.

मग एक दिवस कुत्रं लेकरांच्या डब्यापाशी घुसलं, अन् माझ्या तोंडून खणखणीत निघालं, "हाड!"

सगळा वर्ग माझ्याकडं पाहून राहिला. म्हणलं, फुटलं बिंग. तेवढ्यात पूजा उठली अन् वर्गाकडं वळून म्हणली, "पाहा! म्या म्हणलं न्हवतं? आमच्याच हळदीनं गुण आला!"