मागं वळून बघणारा मोर

हं, पुढं सरकून बसा. खांबाला टेकलेत त्यांनीसुद्धा. आज कीर्तनात एकच प्रश्न विचारतो. शेतात राबून माणूस थकतो, हे समजतं. पण हौसेनं, आपल्या मर्जीनं, चारचौघांत मिळून केलेल्या कामानं माणूस का करपावा? काम जड असतं म्हणून? की आपण उगाच आणखी काही डोक्यावर घेतलेलं असतं? उत्तर आत्ता नको. आधी प्रमिलाताईंची गोष्ट ऐका!

कृष्णाकाठचं एक गाव. गावात जोगेश्वरीचं देऊळ, आणि देवळात बायकांचं रांगोळी मंडळ. पगार नाही, मानधन नाही. मिळतो तो चहा, तोही अंबूवहिनींच्या घरचा! उत्सवाच्या दिवशी सभामंडपभर गेरू सारवायचा आणि त्यावर रांगोळी घालायची. दिवस कलला की देवीची पालखी त्या रांगोळीवरून जाते. भोयांची पावलं पडतात, रांगोळी विस्कटते. तोच तिचा प्रसाद! पण रांगोळी अर्धी असेल तर पालखी उचलत नाहीत. असं आजवर कधी झालं नव्हतं.

प्रमिलाताई शाळेत चित्रकला शिकवायच्या. निवृत्त झाल्या आणि शेजारच्या अंबूवहिनींना घेऊन त्यांनी हे मंडळ काढलं. हात असा, की चिमटीतून रेघ सुटली की बघत राहावं. पण मंडळी, डोळा वाईट! दुसरीची रेघ दिसली की ती त्या डोळ्यात खुपलीच. ती पुसायची, स्वतः काढायची. रंगाच्या डब्यांच्या किल्ल्या कमरेला. चहात आलं किती, तेही ताईच सांगणार!

हसताय? आमच्या पेटीवाल्यांकडे बघून हसताय, ते कळतं मला.

बरं, याचं सुख तरी होतं का ताईंना? नाव नको! अंगठा बधिर झालेला. जेवायला बसल्या की चिमूटभर मीठ उचलून ताटाच्या कडेनं रेघ ओढत बसायच्या. लेक म्हणायची, "आई, जेव ना गं." पूर्वी रांगोळीचं नाव काढलं की चेहरा खुलायचा, आता ताट सरकवून उठायच्या. सोडवतही नव्हतं आणि सोसवतही नव्हतं. बाई आतून पार रिकामी झाली होती.

अशात उत्सव आला. सकाळपासून बायका बसलेल्या. अंबूवहिनींनी मोर काढला, मान मागं वळवलेला. ताई आल्या, तळहातानं पुसून मोकळ्या!

"वहिनी, असा मागं बघत चालतो का कधी मोर?"

"आमच्या माहेरी परड्यात यायचा, तो बघायचा बाई. आपली माणसं येतायत का मागनं, ते."

"मंडळाच्या रांगोळीत नको."

वहिनींनी रंगाची चाळणी खाली ठेवली. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "ताई, तुम्हाला आम्ही नकोच आहोत. तुम्हाला तुमच्यासारख्याच आणखी दहाजणी हव्यात."

आणि त्या बाहेर पारावर जाऊन बसल्या. त्यांच्यामागं एकेक करून सगळ्याच उठल्या. ताईंनी गाभाऱ्याकडे बघितलं आणि रागारागानं म्हणाल्या, "हव्यातच! दे गं बाई मला माझ्यासारख्या!"

मंडळी, देवीच्या दारात तोंड सांभाळून बोलावं. ती ऐकते.

भर दुपार. पुजारी जेवायला गेलेले. कावळासुद्धा ओरडत नव्हता. ताई एकट्याच मधलं कमळ काढतायत. आणि मागून आवाज आला — खस्स... खस्स... रांगोळी झरण्याचा.

ताईंना वाटलं, आल्या परत! मान वर न करताच म्हणाल्या, "रेघ बारीक ठेवा गं."  बघितलं, तर जागोजागी बायका बसलेल्या. पाठमोऱ्या, गुडघे टेकून, डोकी खाली. आणि रेघा? अहो, केसासारख्या! एक वाकडी नाही. ताईंना इतका आनंद झाला, इतका आनंद झाला...

तेवढ्यात एकीनं पान पुरं केलं. शेजारची वाकली आणि तिनं ते पुसलं. पुन्हा काढलं. तिसरी सरकली, तिनंही पुसलं. भांडण नाही, बोलणं नाही. नुसतं काढायचं आणि पुसायचं. एक हात ताईंच्या कमळाशी आला. "अगं, ते बरोबर आहे!" ताई म्हणाल्या. त्या हातानं पुसलंच. हळूहळू सगळीकडे उघडा गेरू दिसायला लागला.

आणि मग ताईंची नजर त्या बायकांच्या पायांवर गेली. गुडघे टेकून बसलेल्या बाईचे तळवे मागं दिसतात, नाही का? लहानपणी ताईंच्या डाव्या पायावर वरवंटा पडलेला. करंगळी चेचून तोकडी राहिलेली. मंडळी, पहिलीचा डावा तळवा — करंगळी तोकडी. दुसरीची तोकडी. तिसरीची... सगळ्यांची!

 उठावं म्हटलं तर उठवेना. आणि स्वतःचा हात? तोही पुसत होता! थांबवला तरी थांबेना. त्यांना कळून चुकलं, आपण अशाच पुसत राहणार, रांगोळी पुरी होणार नाही, आणि आपल्या पायी देवीची पालखी जागची हलणार नाही.

तेवढ्यात पुढची बाई सावकाश मान वळवायला लागली. मागं. अगदी त्या मोरासारखी.

तो चेहरा ताईंना बघायचा नव्हता. त्यांनी जीव एकवटून स्वतःची मान फिरवली, दाराकडे, पाराकडे, आपल्या माणसांकडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! आणि हाक मारली, "अंबूवहिनी!"

वहिनी धावत आल्या. मंडपात ताई एकट्याच. मूठ आवळलेली, भोवती उघडा गेरू. दिवस कधी कलला ते ताईंना कळलंच नव्हतं, बाहेर शिंग वाजलं. भोई दारात आले होते.

ताईंनी कमरेच्या किल्ल्या काढून वहिनींच्या हातात दिल्या. "मला पाणी द्या. आणि तुम्हाला येईल तशी काढा. आधी मोर काढा."

"आणि तुम्ही?"

"मी बसते."

खांबाला टेकून बसल्या. बायका भराभरा कामाला लागल्या. रेघा जाडबारीक, कमळाची एक पाकळी चांगली सुजलेली! ताईंचा हात वळवळला. तो त्यांनी मांडीखाली दाबला आणि ढसाढसा रडल्या. किती दिवसांनी अंग हलकं झालं होतं. पालखी उठली, मोरावरून गेली, आणि सुजलेली पाकळी देवीला खुपली नाही.

संध्याकाळी झाडलोट करताना, जिथं भोयांचा पाय पडत नाही त्या कोपऱ्यात, वहिनींना पांढरी पावलं दिसली. सगळी एका मापाची. डावी करंगळी तोकडी. वहिनींनी ताईंच्या पायाकडे बघितलं.  ताई म्हणाल्या, "ते मी झाडते."

"द्या इकडं तो झाडू," वहिनी म्हणाल्या, आणि ताईंनी दिला.

मिळालं उत्तर? तुमचं भजनी मंडळ असेल, नाटकाचा ग्रुप असेल, पोरांचा क्रिकेटचा संघ असेल. दुसऱ्यावर काम सोपवता ना? मग सोपवल्यावर त्याच्या डोक्याशी का उभे राहता? कामानं नाही करपत माणूस, दुसऱ्याची रेघ पुसून पुसून करपतो!

आता गजर. ताल मी धरणार नाही, तुम्ही धरा. मागंपुढं झाला तरी चालेल. फक्त त्याआधी एकदा समोर बसलेल्याचे तळवे बघून घ्या. तुमच्यापेक्षा वेगळे आहेत ना?

मग हात जोडा देवीला.

आणि वाजवा टाळ्या.