हजेरीत नसलेला भोंगा

भावोजी : हे नाकाखाली चोळा, वहिनी. निलगिरी आहे. बोटभर पुरे.

सर : चहा सांगू का? तू अजून बिनसाखरेचाच घेतेस ना?

वहिनी : कीबोर्डच्या या कळांवर चिकट काय आहे?

भावोजी : त्या गेलेल्या बाईंचा मुलगा म्हणाला, आईवरची चादर मीच उचलतो. मी म्हटलं, नका उचलू.

सर : चौकशी तीनला आहे. मी कुणाच्या विरुद्ध नाही हं. मी आपला हॉस्पिटलचे कॉम्प्युटर बघणारा माणूस.

वहिनी : या खोलीला खिडकी कशी नाही?

भावोजी : उचलली चादर त्याने.

वहिनी : बरं. मला आधी नीट सांगा, भावोजी, पहिल्यापासून. या भिंतीपलीकडे शवागार. आतली थंडी कमी झाली की हा कॉम्प्युटर ओरडणार, तुम्ही मेकॅनिकला फोन करणार. असंच ना?

भावोजी : असंच. दिवसभर मी, रात्री कुलूप. आणि काम नसेल तर आतलं दार उघडायचं नाही, थंडी जाते. शनिवारी कुणाला आणलं नाही, कुणाला नेलं नाही. रविवारीही नाही. सोमवारी दार उघडलं आणि...

वहिनी : ते राहू द्या.

भावोजी : राहू दे म्हटलं तरी राहत नाही हो. घास तोंडाशी नेला की तोच वास. सात वर्षं या खोलीत डबा खाल्लाय मी. कधी काही वाटलं नाही.

सर : थंडीची मोटार शुक्रवारी रात्री जळली. लॉगमध्ये स्वच्छ दिसतंय. प्रोग्रॅम एकसारखा गजर देतोय, अजूनही देतोय. टेक्निकली सिस्टीमने तिचं काम केलं. माणसाने केलं नाही.

भावोजी : वाजलं नाही, सर. आईशपथ.

वहिनी : आईची शपथ नका घेऊ. आईच काल म्हणत होत्या, डोळा लागला असेल त्याचा.

भावोजी : आई म्हणाली?

वहिनी : तुम्ही तिसऱ्यांदा आंघोळीला गेला होतात तेव्हा.

सर : बघ, घरच्यांनाही माहीत आहे.

वहिनी : दोन दिवस सलग कोण झोपतं, सर? कुंभकर्ण आहेत का हे?

सर : झोप नसेल तर कानात काहीतरी घातलं असेल. कामचुकारपणाला शंभर वाटा असतात. आणि दारावर गोल काटा होता ना थंडीचा? तो का नाही बघितला?

भावोजी : तो तुम्हीच काढायला लावलात. आता कॉम्प्युटर आलाय, म्हणालात, हे डबडं कशाला.

सर : ते... तो विषय वेगळा.

वहिनी : मला मशीन बघू द्या, सर.

सर : बघ की. माझं लपवण्यासारखं काही नाही. सरक, पासवर्ड मी टाकतो. तो फक्त माझ्याकडे असतो. कॉलेजात मीच शिकवलेली तू, तुला काय नाही म्हणायचं!

वहिनी : एलएसमॉड मारते.

भावोजी : म्हणजे काय करता?

वहिनी : हजेरी घेते. मशीनचा एक गाभा असतो, कर्नेल. त्याला बाहेरून एकेक अवयव जोडतात, त्याला म्हणायचं मॉड्यूल. कीबोर्डचं एक, पडद्याचं एक. जोडलं नाही तर ती वस्तू समोर असून मेल्यात जमा. आत्ता कोण कोण जोडलेलं आहे, ते या यादीत येतं.

भावोजी : केवढी लांबलचक.

सर : हे बघ. एसएनडी. साउंडचं मॉड्यूल, लोड झालेलं. म्हणजे आवाज चालू आहे. झालं समाधान?

वहिनी : ते साउंड कार्डचं. त्याला स्पीकर लागतो. दाखवा कुठे आहे स्पीकर.

सर : स्पीकर नाही दिलेला इथे.

वहिनी : मग गजर त्याच्यावर कसा वाजेल? हा प्रोग्रॅम उघडलाय मी. हा वाजवतो कॉम्प्युटरच्या डब्याच्या पोटातला भोंगा. चण्याएवढा असतो, भावोजी, जुन्या मशीनना असायचा. त्याचं मॉड्यूल पीसीएसपीकेआर. ते या यादीत नाही. वरपासून खालपर्यंत तीनदा पाहिलं.

सर : होतं असं कधी कधी. आपोआप लोड होत नाही.

वहिनी : आपोआप होतंच, सर. कुणी बंदी घातली तरच होत नाही. बंदीची फाईल बघते.

सर : त्यात काय बघायचंय? चहा आला का बघ रे जरा.

भावोजी : चहा सांगितलाच नाही तुम्ही.

वहिनी : एकच ओळ आहे. ब्लॅकलिस्ट, पुढे भोंग्याचं नाव. आणि वर टीप लिहिलीय, 'डोक्याला ताप'.

भावोजी : कुणी लिहिलीय?

वहिनी : पासवर्ड कुणाकडे असतो, भावोजी?

सर : ऐक. मागच्या महिन्यात मी इथे नवीन सिस्टीम टाकायला बसलो. चुकीची कळ दाबली की पीं. ओळीच्या शेवटी गेलं की पीं. चार तास या घाणीत बसून माणसाने ते ऐकायचं? आणि हे सगळेच करतात! मशीन हातात आलं की पहिलं काम हेच. वर्गात मीच सांगितलं होतं, तुझ्या मशीनवरही असेल ही ओळ.

वहिनी : आहे.

सर : मग?

वहिनी : माझं मशीन माझ्या बिछान्याशेजारी असतं. त्याच्या ओरडण्यावर कुणी विसंबलेलं नाही.

सर : गजर भोंग्यावर आहे हे माझ्या लक्षात नव्हतं, एवढंच.

भावोजी : आणि सोमवारी? सोमवारी आलं लक्षात?

वहिनी : बोला ना, सर.

सर : सोमवारी... हो. आलं.

भावोजी : मग बुधवारी त्या मुलाने माझी कॉलर धरली, तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात. तो माझ्या तोंडावर थुंकला. तुम्ही मला रुमाल दिलात.

वहिनी : निलगिरी द्या हो पुन्हा.

सर : हे बघा, झालं ते झालं. गेलेलं माणूस तर आधीच गेलं होतं. ती ओळ काढून टाकू, मशीन बंद करून चालू करू, भोंगा हजेरीत येईल. मी साहेबांशी बोलतो. याला कामावरून काढणार नाहीत, ताकीद देतील फक्त. माझा शब्द.

भावोजी : ताकीद कशाची?

सर : अरे, झोपल्याची.

भावोजी : मी झोपलो नव्हतो.

सर : कागदावर फक्त! तुझ्या वहिनीला विचार, ती शहाणी आहे.

वहिनी : मी ओळ काढत नाही. तशीच राहू दे, फाईलवरच्या तारखेसकट. फोटो काढलाय, यादीचाही काढलाय. पण भोंगा हाताने जोडता येतो. बंदी असली तरी.

सर : कशाला? अगं, आत आता कुणी नाही, सगळ्यांना दुसरीकडे हलवलंय, मोटार उद्या येणार...

वहिनी : म्हणूनच. आत अजून गरम आहे.

(पीं. मग क्षणभर शांतता. मग कर्कश, थांबत थांबत, न संपणारी पीं-पीं-पीं.)

भावोजी : हाच. हाच आवाज. हा असता तर मी गावभर पळालो असतो हो.

सर : बंद कर ते.

वहिनी : का?

सर : डोकं उठतं त्याने! बंद कर म्हणतो ना!

वहिनी : बघितलंत, भावोजी? अर्धं मिनिट नाही झालं.

सर : बाहेर व्हरांड्यात त्या बाईंच्या घरची माणसं बसलीत. ऐकू जाईल.

वहिनी : ऐकू दे. चौकशीवाल्यांना इथेच बोलवायचं. हे वाजत असताना. तुम्ही पहिल्या खुर्चीत बसायचं.

सर : तीनपर्यंत वाजवत ठेवणार हे?

वहिनी : तुम्ही बाहेर जाऊन बसलात तरी चालेल. भावोजी, तुम्हीही जा. मी आहे मशीनपाशी, कुणाला हात लावू देत नाही.

भावोजी : नाही. मी बसतो.

वहिनी : आईंना फोन करू? त्यांनाही ऐकवू?

भावोजी : नको. संध्याकाळी सांगेन मी.

वहिनी : मग एवढं काय बघताय आतल्या दाराकडे?

भावोजी : शुक्रवारी सकाळी त्या बाईंना आणलं ना, तेव्हा त्यांची नखं कुणीतरी नुकतीच, जपून कापलेली होती.